जुनं ट्यूब हेड पुण्यात आणताय? या क्रमाने चला

साठ ते ऐंशीच्या दशकातलं ट्यूब अ‍ॅम्पचं हेड, म्हणजे स्पीकर वेगळा असलेला गिटारचा आवाज वाढवणारा डबा, घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण आधी ट्यूब कुठल्या कंपनीच्या आहेत ते विचारतात. तो प्रश्न अगदी शेवटी ठेवा. ट्यूब झिजतात, बदलता येतात. कपॅसिटर वाळतात, तेही बदलता येतात. पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर), सॉकेट, रेझिस्टर सगळं नवं मिळतं. इतक्या जुन्या हेडमध्ये जशीच्या तशी परत न मिळणारी वस्तू म्हणजे आतलं लोखंड: पॉवर ट्रान्स्फॉर्मर आणि आउटपुट ट्रान्स्फॉर्मर. ते जळलं तर नवं गुंडाळून मिळतं, हेड पुन्हा वाजतंही, पण ज्या आवाजासाठी आणि ज्या किमतीला तुम्ही ते घेतलं त्यातलं बरंच काही जातं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा हेतू एवढाच आहे की ते लोखंड शाबूत राहावं आणि वाजवणारा माणूस शाबूत राहावा.

वाजवणाऱ्याबद्दल आधी बोलतो. या हेडच्या पोटात साधारण ४०० ते ५०० व्होल्टचा डीसी खेळत असतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो, आणि माणसाचा जीव घ्यायला तेवढा पुरेसा आहे. नवख्याने चॅसी, म्हणजे सर्किट बसवलेला आतला धातूचा सांगाडा, बाहेर काढायची नाही. यूट्यूबवर कुणी कितीही सहज काढत असला तरी नाही.

कुठलं हेड घ्यावं

पहिलंच हेड १०० वॅटचं घेऊ नका. १०० आणि ५० वॅटमध्ये आवाजाचा फरक फक्त ३ डेसिबलचा असतो, कानाला तो थोडासाच जाणवतो. वजन, पॉवर ट्यूबची संख्या आणि दुरुस्तीचा खर्च मात्र चांगलाच वाढतो. मार्शलच्या जेसीएम ८०० मालिकेतलं ५० वॅटचं २२०४, किंवा फेंडरचं सत्तरच्या दशकातलं चंदेरी पट्टीचं बेसमन किंवा बँडमास्टर, ही नव्या माणसाला झेपणारी हेड आहेत. २२०४ ला मास्टर व्हॉल्यूम असल्याने कमी आवाजातही थोडी कुरकुरीत डिस्टॉर्शन मिळते. फेंडरची सर्किटं साधी असतात, त्यामुळे कुठल्याही जाणत्या माणसाला ती दुरुस्त करता येतात. सर्किटचे नकाशे सहज मिळणाऱ्या मॉडेलांपलीकडे पहिल्या खेपेला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

बघायला जाताना आपली गिटार आणि एक टॉर्च घेऊन जा. हेड किमान अर्धा तास चालू ठेवा, कारण अनेक दोष गरम झाल्यावरच बाहेर पडतात: आवाज हळूहळू खाली जाणं, तडतड, गुरगुर. मागच्या बाजूने पॉवर ट्यूबकडे बघा. काचेच्या आतून निळसर झाक दिसली तर काळजी नाही. आतला राखाडी धातूचा पत्रा, म्हणजे प्लेट, लालबुंद होताना दिसली तर लगेच बंद करायला सांगा. ट्यूबच्या काचेवर आतून चांदीसारखा डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे आणि ती ट्यूब गेली. पेन्सिलच्या मागच्या टोकाने छोट्या ट्यूबना हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटीसारखा आवाज आला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे. ही किरकोळ गोष्ट, भाव करायला उपयोगी. जळक्या वार्निशचा वास मात्र किरकोळ नाही. तो आला तर तिथून निघा.

गुणगुण कसली आहे तेही ओळखता येतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. फिल्टर कपॅसिटर वाळले की त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची भरीव गुणगुण येते, आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी ती बहुतेक वेळा जात नाही. सिंगल कॉइल पिकअपची ५० हर्ट्झची गुणगुण गिटार फिरवली की कमीजास्त होते. पहिलीचा अर्थ वर्कशॉपचा खर्च, दुसरीचा अर्थ काहीच नाही.

सालाची खात्री करायची असेल तर अमेरिकन हेडच्या पॉटवरचे आकडे विकणाऱ्याकडून फोटोत मागवा. १३७ ने सुरू होणारा आकडा सीटीएस कंपनीचा, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे आकडे साल आणि आठवडा सांगतात. १३७६६१२ म्हणजे सीटीएसने १९६६ च्या बाराव्या आठवड्यात बनवलेला पॉट. पॉट मूळचा असेल तर हेड त्याआधीचं असू शकत नाही, थोडं नंतरचं असू शकतं. ट्रान्स्फॉर्मरवर ६०६ ने सुरू होणारा आकडा असेल तर तो शूमाखर कंपनीचा, म्हणजे बहुधा मूळचाच.

परदेशातून मागवत असाल तर भाडं आणि कस्टम धरूनच हिशेब करा. पॉवर ट्यूब काढून वेगळ्या बांधायला सांगा आणि हेड खोक्यात खोकं घालून पाठवायला सांगा. लोखंडाच्या वजनाने वाटेत चॅसी वाकते.

व्होल्टेज

सर्वात जास्त हेड इथेच मरतात. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. ब्रिटिश हेडच्या मागे बहुतेक वेळा व्होल्टेज निवडायची सोय असते. पहिल्यांदा प्लग लावण्याआधी ती कुठे आहे ते डोळ्यांनी बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. १२० वर ठेवलेलं हेड आपल्या सॉकेटला लावलं तर नशीब चांगलं असल्यास फ्यूज उडतो. कुणी आधीच जाडा फ्यूज घालून ठेवला असेल तर ट्रान्स्फॉर्मर उडतो. २२० आणि २४० असे दोनच पर्याय असतील तर २४० निवडा. पुण्यात रात्री उशिरा, लोड कमी झाला की, मीटरवर २४० दिसणं नवलाचं नाही.

अमेरिकन हेडला स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर लागतो. ५० वॅटच्या हेडला ५०० व्हीएचा घ्या, १०० वॅटला १००० चा. हेडवरचा वॅटचा आकडा स्पीकरकडे जाणाऱ्या शक्तीचा आहे, भिंतीतून ते त्याच्या कितीतरी पट ओढतं. जुन्या हेडवर ११७ व्होल्ट लिहिलेलं असतं. बाजारातला २३० चे ११० करणारा डबा भिंतीत २४० असताना साधारण ११५ देतो, तो या हेडना छान जुळतो. थोडं कमी व्होल्टेज इथे चांगलंच, कारण दुसरी एक अडचण आहे. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. तितक्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर गाभ्यातला चुंबकीय प्रवाह पाचव्या हिश्श्याने वाढतो आणि ट्रान्स्फॉर्मर जास्त तापतो. फक्त ६० हर्ट्झ लिहिलेलं हेड असेल तर पहिल्या तासाभरात लोखंडावर हात ठेवून बघत राहा. हात ठेवता येत नसेल इतकं तापलं तर बंद करून जाणकाराला विचारा.

स्टेप-डाउन तयार घेण्यापेक्षा बनवून घ्यावा असं मला वाटतं. भोसरीच्या एमआयडीसीत ट्रान्स्फॉर्मर बनवणारे आहेत. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी केली तरी माणूस सापडतो. सांगताना एक गोष्ट स्पष्ट सांगा: अर्थिंगची तार इनपुटच्या पिनेपासून आउटपुटच्या सॉकेटपर्यंत सलग गेली पाहिजे. तयार डब्यांपैकी कित्येकांवर अमेरिकन चपट्या दोन भोकांचं सॉकेट असतं आणि अर्थ तिथेच तुटलेला असतो.

अर्थिंग

गिटारच्या तारा हेडच्या चॅसीला जोडलेल्या असतात. म्हणजे चॅसीवर जे येईल ते तुमच्या बोटांवर येतं. त्यात ओठ माइकला लागले की शरीरातून वाट पूर्ण होते. स्टेजवर ओठांना बसणारा तो झटका अनेक गायकांनी हसण्यावारी नेलेला असतो. त्याला कधीही हसू नये.

बऱ्याच जुन्या अमेरिकन हेडला दोन पिनांची वायर आणि मागे ग्राउंड नावाचा स्विच असतो. त्या स्विचमागे मेन्समधून थेट चॅसीकडे जाणारा एक कपॅसिटर आहे. तो शॉर्ट झाला तर अख्खी चॅसी जिवंत होते. हेड घरी आणल्यावरचा पहिला खर्च हाच: टेक्निशियनकडून तो कपॅसिटर काढून टाकायचा आणि तीन तारांची वायर बसवायची. यामुळे विंटेज किंमत कमी होते म्हणून ते जपणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नका.

पण तीन पिनांचा प्लग लावला म्हणजे अर्थ मिळाला असं नाही. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत तिसऱ्या भोकामागे तार नसणं ही सर्रास गोष्ट आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरने मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम काही व्होल्ट आले पाहिजेत. फेज-अर्थचा आकडा मध्येच कुठेतरी लटकत असेल तर अर्थ नाही. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. हेडच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. जॅम रूम बदलली की तिथलं सॉकेटही तपासून घ्यावं.

पहिल्यांदा चालू करणं

वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिलेलं हेड घरी आणून सरळ चालू करायचं नसतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर न वापरता पडून राहिले की आतून बिघडतात. पूर्ण व्होल्टेज एकदम आलं की ते शॉर्ट होऊ शकतात आणि तो भार पॉवर ट्रान्स्फॉर्मरवर जातो. टेक्निशियनकडे डिमरस्टॅट असेल तर तो व्होल्टेज हळूहळू चढवत नेईल. तो नसला तरी सिरीज बल्बचा बोर्ड प्रत्येक वायरमनकडे असतो आणि या कामाला तो उत्तम आहे. शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब हेडच्या मालिकेत जोडायचा, एलईडी चालत नाही. चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर आत शॉर्ट नाही. ढणढणीत पेटलेलाच राहिला तर आत काहीतरी जोडलं गेलं आहे आणि तुमचा ट्रान्स्फॉर्मर त्या बल्बने वाचवला आहे.

मूळचे फिल्टर कपॅसिटर अजून आत असतील तर ते चालत असले तरी बदलून घ्या. त्यांचं आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं धरतात, तुमच्या हेडचं ते कधीच संपलं आहे. ५०० व्होल्टचे कपॅसिटर तपकीर गल्लीत हमखास मिळतील असं नाही, बाहेरून मागवावे लागतात. ४५० चे चालतील का असं कुणी विचारलं तर आपल्या हेडमध्ये प्रत्यक्ष किती व्होल्ट येतं ते मोजल्याशिवाय हो म्हणू नका. फ्यूजचंही तसंच. मागे लिहिलेल्या आकड्याचाच, स्लो-ब्लो (क्षणिक झटका सोसणारा) असेल तर स्लो-ब्लोच, आणि चार-पाच घेऊन ठेवा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो आतल्या दोषाची खबर देतो आहे. जाडा घालून ती दाबू नका.

स्पीकर जोडल्याशिवाय कधीही नाही

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला स्पीकर जोडला नाही तर तो गप्प बसतो. ट्यूब हेडला स्पीकर नसताना गिटार वाजवली तर आउटपुट ट्रान्स्फॉर्मरमध्ये व्होल्टेजचे उंच झटके उठतात आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. हेड चालू करायच्या आधी हाताने स्पीकरची वायर दोन्ही टोकांना ओढून बघायची सवय लावा. प्रत्येक वेळी.

वायर स्पीकरचीच हवी. बाहेरून गिटारची केबल तशीच दिसते, पण आतली तार बारीक असते. ती तापते, कधी तुटते, कधी शॉर्ट होते. तपकीर गल्लीतून दीड एमएमची दोन कोअर वायर आणि दोन चांगले जॅक घेऊन कुणाकडूनही सोल्डर करून घ्या, आणि दोन्ही टोकांना रंगीत टेप लावून ठेवा म्हणजे घाईत गिटारची केबल हातात येणार नाही.

मग ओहम. हेडवरचा ४, ८, १६ चा स्विच कॅबच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या, आकड्याशी जुळला पाहिजे. १६ ओहमच्या दोन कॅब समांतर जोडल्या की ८ होतात, ८ च्या दोन जोडल्या की ४. हेडच्या मागचे दोन जॅक साधारणपणे समांतरच असतात. जुन्या फेंडरची एक खास गोष्ट लक्षात ठेवा: मुख्य स्पीकर जॅकमध्ये काही नसेल तर तो आतून शॉर्ट होतो. एकच कॅब असेल तर ती मुख्य जॅकमध्येच लावायची, शेजारच्या जादा जॅकमध्ये नाही.

कॅबची ताकद हेडच्या आकड्यापेक्षा दुपटीच्या आसपास असावी. ५० वॅटचं हेड पूर्ण फाडून वाजवलं की ५० च्या बरंच वर जातं. सेलेशनचे जुन्या पद्धतीचे ग्रीनबॅक २५ वॅटचे असतात, चार असले तर १०० झेलतात आणि ५० वॅटच्या हेडखाली ते सुखाने राहतात. दोनच असतील तर मी पूर्ण व्हॉल्यूमला जाणार नाही.

रोजचा क्रम

कॅब जोडलेली, ओहम जुळलेले, व्हॉल्यूम शून्यावर, स्टँडबाय बंद, म्हणजे ट्यूबकडे जाणारं उच्च व्होल्टेज अडवलेलं. मेन्स चालू करा. ट्यूबच्या फिलामेंटना तापायला मिनिटभर द्या. मग स्टँडबाय उघडा. बंद करताना स्टँडबाय उघडाच ठेवून मेन्स बंद करा, म्हणजे साठलेला डीसी ट्यूबमधून बराचसा ओसरतो. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं हेड हलवू नका, तापलेल्या ट्यूब धक्का सहन करत नाहीत.

मध्येच लाईट गेली तर पहिलं काम, दोन्ही स्विच बंद करणं. परत येताना ती दोन-तीनदा ये-जा करते आणि व्होल्टेज उसळतं. लाईट स्थिरावली की सगळा क्रम पहिल्यापासून. घरातल्या इन्व्हर्टरवर हेड चालवू नका. बऱ्याच जुन्या इन्व्हर्टरचा आउटपुट चौकोनी लहरीचा असतो आणि तो या लोखंडाला मानवत नाही. मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमाला जनरेटर असेल तर प्लग लावण्याआधी मीटरने व्होल्टेज बघा, चार माणसं वाट बघत असली तरी.

आवाज लावायला सुरुवात सगळे नॉब मध्यावर ठेवून करा. जुन्या फेंडरमध्ये ट्रेबल, मिडल, बेस तिन्ही शून्यावर नेले तर आवाज जवळजवळ नाहीसा होतो, त्यात दोष नाही. चार इनपुटचं मार्शल असेल तर गिटार पहिल्या चॅनलच्या हाय इनपुटमध्ये घाला, त्याच चॅनलच्या लोमधून छोटी केबल दुसऱ्या चॅनलच्या हायमध्ये न्या आणि दोन्ही व्हॉल्यूम थोडे थोडे मिसळा. एका चॅनलची धार आणि दुसऱ्याची जाडी एकत्र येते. मग गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणा, परत दहावर न्या. हेड तिथे जे करतं, हात हलका केला की स्वच्छ होतं आणि जोर दिला की फाटतं, त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. निदान महिनाभर पेडल न लावता फक्त हे शिकत राहा.

फ्लॅटमध्ये काय

कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ५० वॅटचं हेड फाडून वाजवलं तर कॅबसमोर ते ११० च्या वर सहज जातं. कोथरूड असो वा वाकड, सोसायटीत हे चालणार नाही, आणि शेजाऱ्यांनी ते चालवून का घ्यावं? हेड आणि कॅबच्या मध्ये अटेन्युएटर, म्हणजे आवाज खाली आणणारा डबा, बसवा, तो हेडपेक्षा जास्त वॅटचा आणि त्याच ओहमचा. रात्रीसाठी लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी भार घेणारा डबा), त्यातून इंटरफेस आणि हेडफोन. मात्र अटेन्युएटर लावून तासन्‌तास व्हॉल्यूम दहावर ठेवला तर कानाला आवाज लहान वाटला तरी ट्यूब आणि ट्रान्स्फॉर्मर पूर्ण राबत असतात. खरा आवाज ऐकायचा तर जॅम रूम घ्यावी. हेड रिक्षात मावतं, चार स्पीकरची कॅब मावत नाही. म्हणून जॅम रूममधल्या कॅबचे ओहम आधी फोन करून विचारून ठेवा.

पावसाळा आणि इतर पाहुणे

जून ते सप्टेंबर हेड जमिनीवर ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. प्लॅस्टिकमध्ये ओल अडकते, वरच्या आवरणाला बुरशी आणि ट्रान्स्फॉर्मरच्या पत्र्यांना गंज धरतो. सुती चादर पुरते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास वाजवा, त्याच्या स्वतःच्या उष्णतेने ते कोरडं राहतं. खरखरणारे पॉट टेक्निशियनकडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या. बिजागरीला मारायचा साधा स्प्रे तिथे चालत नाही.

पाली आणि झुरळांना हेडची ऊब आवडते. मागची बाजू उघडी असेल तर पाल आत जाऊन सॉकेटच्या पिनांमध्ये आडवी होते, आणि ४५० व्होल्टवर त्याचे परिणाम पालीपुरते राहत नाहीत. मागे भोकांची लोखंडी जाळी बसवून घ्या, हवा खेळती राहील अशी.

ट्यूब आणि टेक्निशियन

आता ट्यूब. ईएल३४, ६एल६ यांसारख्या पॉवर ट्यूब जोडीनेच बदलायच्या, मॅच्ड, म्हणजे सारख्या मोजमापाच्या, घ्यायच्या, आणि बहुतेक हेडमध्ये बदलल्यावर बायस (गिटार न वाजवताही ट्यूबमधून वाहणारा प्रवाह) लावून घ्यायचा. व्हॉक्स एसी३० सारखी कॅथोड बायसची, म्हणजे तो आपोआप जुळणारी, हेड त्याला अपवाद आहेत. टेक्निशियनशी बोलता यावं म्हणून हिशेब समजून घ्या: ईएल३४ ची प्लेट २५ वॅट झेलते, त्याच्या ७० टक्के म्हणजे साडेसतरा वॅट ही सुरक्षित वरची मर्यादा. प्लेटवर ४५० व्होल्ट असेल तर एका ट्यूबमधून साधारण ३९ मिलिअँपिअर, त्याहून जास्त नाही. टेक्निशियनला विचारा, प्लेटवर किती व्होल्ट आणि किती मिलिअँपिअरला लावलं. तो आकडे सांगत असेल तर माणूस योग्य आहे. नुसतं ‘मस्त लावलंय’ म्हणत असेल तर दुसरा शोधा.

असा माणूस गिटारच्या दुकानातच मिळेल असं नाही. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेले जुने कारागीर पुण्यात अजून आहेत आणि उच्च व्होल्टेजची शिस्त त्यांच्या हाताला आहे; त्यांना सर्किटचा नकाशा छापून द्या. ते ट्यूबला व्हॉल्व्ह म्हणतात, १२एएक्स७ ला ईसीसी८३ म्हणतात, वस्तू तीच. दर रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह कधी हाती लागतात. ते चांगले असतात, पण टेस्टरवर तपासल्याशिवाय हेडमध्ये घालू नका.

हेडच्या आत नाही, त्याच्या खोक्यात एक वही ठेवा. ट्यूब कधी बदलल्या, बायस किती लावला, कपॅसिटर कुठल्या साली घातले, काढलेले मूळ भाग कुठल्या डब्यात आहेत, सगळं तारखेसह लिहा. काढलेला कुठलाही मूळ भाग टेक्निशियनकडे सोडून येऊ नका, जळका आउटपुट ट्रान्स्फॉर्मरसुद्धा. पुन्हा गुंडाळणाऱ्याला मोजमापासाठी तोच लागतो.